उलटा कॅमेरा

"काब्दिल आगा, उलटा धरलाय तुम्ही कॅमेरा," खिनायत दुकानदार म्हणाला, तशी दोन गिऱ्हाइकं फिसकन हसली.

काब्दिलला ते ठाऊक होतं. उजव्या हातावर शिकारी गरुड बसवायचा जाड चामडी हातमोजा चढला की माणसाला उरतो तो डावाच, आणि कॅमेरे बनवणाऱ्या शहाण्यांनी बटण ठेवलंय उजवीकडे. उलटा धरला की ते बरोबर डाव्या अंगठ्याखाली येतं. फोटोही उलटाच येईल, असं खिनायतने बजावलं.

"मग कागद फिरवता येत नाही का?" काब्दिलने शांतपणे विचारलं.

ओल्गीच्या बाजारात सकाळपासून त्याची ही झटापट चालली होती. एक कॅमेरा अख्ख्या घोड्याच्या किमतीचा, तो त्याने हातातही घेतला नाही. दुसऱ्याच्या पडद्यावर बोट टेकवायचं, म्हणजे त्या मरणाच्या थंडीत हातमोजा काढणं आलं. तिसरा देखणा, पण त्याची बॅटरी गारठ्यात मान टाकणार. शेवटी त्याने निवडला तो दोन मेंढ्यांच्या किमतीत बसणारा जाडजूड ठोकळा. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, आणि सेल काय, काखेत उबवता येतात. शिवाय डोळा लावायला भोक होतं. बर्फाच्या चकाकीत पडद्यावर कुठे काय दिसतंय! खिनायतने थट्टा सोडून चार सेल वर फुकट दिले.

काब्दिल शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र तो शिकारी. आठ हिवाळे शेगीर ही गरुडाची मादी त्याच्या हातावर होती, आणि येत्या वसंतात तिला सोडायचं होतं. इतकी वर्षं राबवलेल्या पाखराला त्याचं रान परत द्यायचं, ही रीत. पण तिने मारलेला कोल्हा घरापर्यंत क्वचितच पोचला. शिकारीहून येताना कुणी वडीलधारा भेटला आणि 'सिराल्गी' म्हणाला, की शिकार त्याची. काही जण चलाखीने आडवाटेने घरी येत. काब्दिल कधी आला नाही. त्यामुळे शेजारच्या सार्केनचं फावलं. याचं पाखरू हवा खाऊन परत येतं, असं तो चारचौघांत सांगायचा. काब्दिलला ते फार लागायचं. शेगीरच्या नावावर हा डाग ठेवून तिला निरोप द्यायचा नव्हता. कोल्ह्यावर बसलेल्या तिचा एक फोटो, एवढंच त्याला हवं होतं.

हिवाळ्यातल्या शेवटच्या शिकारीला शेगीरने उतारावर लालभडक कोल्हा दाबला. काब्दिल घोड्यावरून उतरला, काखेतले सेल घातले, उलटा कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात मागून टापा वाजल्या. म्हातारा बेइसेन होता.

"सिराल्गी, पोरा."

काब्दिलचा अंगठा बटणावरच होता. त्याने तो उचलला.

"घ्या, आजोबा. तुमचाच."

कॅमेरा बघून म्हातारा ओशाळला. आधी फोटो काढ, मग देशील, म्हणाला.

"आता कोल्हा तुमचा झाला. दुसऱ्याच्या शिकारीबरोबर फोटो काढून मी काय मिरवू?"

घरी बायकोने, कुल्याशने, त्याला चांगलंच फैलावर घेतलं. बटण दाबायला असा किती वेळ लागतो, दोन मेंढ्या काय फुकट घालवायला दिल्या, सगळं ऐकवलं. मग त्याच्यापुढे चहा ठेवताना तिनेच सांगितलं, की दाबलं असतंत तर तो फोटो मी भिंतीवर लावला नसता.

शेगीरला सोडायच्या दिवशी गावातली म्हातारी माणसं आशीर्वाद द्यायला डोंगरावर आली. सार्केनही आला. काब्दिलने तिला शेवटचं मांस भरवलं, पायातला पट्टा सोडला आणि हात उंचावला. ती डोक्यावरून एकदा फिरली आणि कड्यापलीकडे गेली. तो कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत आभाळ रिकामं झालं होतं.

त्याने कॅमेरा खाली आणला. समोर दुवा मागायला तळवे पसरून म्हातारी माणसं उभी होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी. ती काळपट पाठीची, शेगीरच्या पहिल्या हिवाळ्यातली. ती फिकट, नदीकाठची. सार्केनच्या सासऱ्याची, भर वादळात पकडलेल्या कोल्ह्याची. टोकाला बेइसेनची, नवीकोरी, लालभडक. सार्केनने सासऱ्याच्या टोपीकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे.

काब्दिलने फोटो काढला.

"फोटोत आलं का पाखरू?" घरी पोचल्यावर कुल्याशने विचारलं.

"ती गेली," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज ताठ होता. "तिचे कोल्हे मात्र सगळे आले."