वाजतंय

माझ्या नवऱ्याला शब्द द्यायची भारी हौस. वस्तू दुसऱ्याची असली की जास्तच. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुनी, इवलीशी गाडी त्यानं आपल्या साहेबांना परस्पर कबूल करून टाकली होती. साहेबांना म्हणे जुन्या गाड्यांचं वेड. प्रश्न एकच होता, किल्ली बाबांच्या खिशात होती, आणि बाबा रोज सकाळी त्याच गाडीतून एकटे फिरून यायचे. तेवढाच वेळ त्यांना कुणी "जपून" म्हणत नसे.

मग सायलेन्सर सुटला. गाडी गल्लीत शिरली की डबा घरंगळल्यासारखा खडखडाट. माझ्या नवऱ्याला आयतंच कोलीत मिळालं.

"रविवारपर्यंत आवाज बंद झाला तर गाडी तुमची," तो म्हणाला. "नाहीतर साहेबांची. बोला!"

"कबूल," बाबा म्हणाले. शब्द म्हणजे शब्द, असा त्यांचा जुना खाक्या.

बाबांना ऐकू कमी येतं. कानातलं यंत्र माणसाचं बोलणं पकडतं, पत्र्याची खडखड नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वयात ते गाडीखाली शिरले. गंजलेल्या नटांना तेल पाजलं, चिरलेली रबरं बदलली. घाई मुळीच नाही. सगळं आधी ढिलंच जोडायचं, गाडी जॅकवरून चाकांवर उतरवायची, वजन बसलं की मग पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत जायचं. "आधीच आवळलं की पाइप रुसतो," मला सांगत होते. बोटं सोलवटली होती, भुवयांत गंज, आणि चेहरा कसा लहान पोरासारखा खुललेला.

गाडी चालू केली. खडखड नाही! नुसती इंजिनाची मऊ घरघर. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात नवरा चहाचा कप घेऊन बाहेर आला, कान टवकारल्यासारखं केलं आणि म्हणाला, "वाजतंय की अजून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अजिबात वाजत नाही, बाबा!" मी ओरडले.

"ती तुमची लाडकी. ती असंच म्हणणार."

बाबा परत खाली गेले. सगळं सोडलं, सगळं जोडलं. "वाजतंय." आणखी एकदा. "वाजतंय हो, बाबा, राहू द्या, तुमच्यानं होणार नाही." आणि हा मेला वर हसतोय. खोलीत नेऊन मी त्याला नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "माझ्या बढतीचा प्रश्न आहे, तू मध्ये पडू नकोस."

रविवारी साहेब यायच्या आधी बाबांनी शेवटचं म्हणून गाडी चालू केली आणि सासूबाईंना हाक मारली. उभा जन्म या बाईनं त्यांना खोटं सांगितलं नव्हतं, असं ते मानायचे. त्यांना शेजारी बसवलं. स्वतः वाकून तळहात गाडीच्या तळपत्र्यावर सपाट टेकवला. मी दाराशीच होते. कान गेल्यापासून ते गाडीचं दुखणं असंच हातानं ऐकायचे, हे फक्त मला माहीत होतं.

"तू सांग. वाजतंय?"

सासूबाईंनी समोर उभ्या पोराकडे पाहिलं. पोरानं डोळे मोठे केले.

"हो," त्या म्हणाल्या. "वाजतंय हो."

केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. बाबांचा हात तिथेच होता. खडखड असती तर आधी त्यालाच कळली असती. मग गाडी बंद केली, किल्ली पोराच्या हातात दिली. कानातलं यंत्र काढून सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची मूठ मिटली.

"हेही देऊन टाक साहेबांना."

तेव्हापासून त्यांनी ते घातलेलं नाही. साहेब गाडी घेऊन गेले, नवऱ्याला बढती मिळाली, शेडमध्ये आमची नवी चकचकीत गाडी आली. सासूबाई दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरतात आणि बोलतात. बाबा त्यांच्या ओठांकडे बघतसुद्धा नाहीत.

काल त्या त्यांच्या पायाशीच बसल्या. "चुकले हो मी. तेव्हा काहीच वाजत नव्हतं. एकदा तरी बोला माझ्याशी." रडून रडून आवाज बसला होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, काय म्हणतेय ती?"

सासूबाई आशेनं माझ्याकडे वळल्या.

मी मान हलवली. काही नाही, बाबा.