मुळा नावाचा संगीतकार

माझा नवरा जाऊन वर्ष होत आलं, आणि आता कुठे लोकांना त्याची आठवण झाली. दारात तोक्योहून आलेला एक पोरगा उभा होता. नाव हिदाका. जुने कॉम्प्युटर गेम शोधायचे, झाडूनपुसून नव्या यंत्रांवर पुन्हा बाजारात आणायचे, हा त्याच्या कंपनीचा धंदा.

"काकू, 'सात कंदिलांचं गाव' परत येतोय," तो म्हणाला. "शेवटी नावं येतात ना, तिथे 'संगीत : मुळा' असं आहे. तो मुळा म्हणजे तुमचे यजमान, काकिझाकीसान, असं गेम बनवणाऱ्या कंपनीचे जुने मालक म्हणाले. खरं ना?"

"मग काय खोटं? ये आत. आणि बूट नीट ठेव, असे फेकू नकोस."

त्या काळी साप्पोरोतल्या त्या कंपनीत कुणाचंच खरं नाव पडद्यावर यायचं नाही. नाव दिसलं की दुसरा कुणीतरी जास्त पगार दाखवून माणूस पळवणार, अशी मालकांना धास्ती. म्हणून त्यांनी सगळ्यांची भाजीमंडई करून टाकली. चित्रं काढणारी कांदा, प्रोग्राम लिहिणारा भोपळा आणि संगीतवाला मुळा. कंपनी बुडाल्यावर माझा शिगेहारु सुपरमार्केटच्या गोदामात लागला आणि खोकी उचलता उचलता म्हातारा झाला. पण त्या गेममधलं बर्फाच्या रात्रीचं गाणं लोक अजून वाजवतात. मुळा नक्की कोण होता, यावर इंटरनेटवर भांडतात. वाचून माझा जळफळाट व्हायचा. अरे मूर्खांनो, तो इथे माझ्यासमोर बसून नूडल्स खातोय! त्याचं खरं नाव एकदा तिथे लागावं, एवढंच मला हवं होतं.

आणि हिदाका तेच घेऊन आला होता. घरच्यांची परवानगी असेल तर नव्या आवृत्तीत खरी नावं देणार होते. मी इतकी रडले की बिचारा कावराबावरा झाला. मग मला बरं वाटावं म्हणून त्याने लॅपटॉपवर ते गाणं लावलं.

"मूळ फ्लॉपीतून काढलंय काकू. आतली तारीखसुद्धा शाबूत आहे. शहाऐंशीचा मार्च."

माझा चहा हातातच राहिला. शहाऐंशीच्या मार्चमध्ये शिगेहारु आसाहिकावात बापाच्या दुकानात छत्र्या विकत होता. कंपनीत तो लागला पुढच्या वर्षी, थंडी सरताना. मला पक्कं आठवतं, त्या नोकरीच्या जोरावरच तर आमचं लग्न ठरलं.

"तुझं यंत्र चुकतंय," मी म्हटलं.

"नाही हो काकू," तो हळूच म्हणाला.

त्याची पाठ वळताच मी मालकांना फोन लावला.

"हं, ते गाणं यासुनागाचं," मालक म्हणाले. "पहिला मुळा तो. घरी जायचाच नाही, रात्रंदिवस काम. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत खुर्चीतच गेला. आता मुळ्याला चाहत्यांची ढीगभर पत्रं यायची, त्यांना काय सांगायचं? तुझ्या नवऱ्याला बसवला त्या जागेवर. नाव तेच ठेवलं."

"मग माझ्या नवऱ्याने केलं तरी काय?"

"तीच गाणी स्वस्तातल्या कॉम्प्युटरवर बसवली. वाजायची आपली टीं टीं, पण काम मनापासून केलं हो त्याने."

ती स्वस्तातली आवृत्ती हिदाका काढतच नव्हता. तिला गिऱ्हाईक नाही म्हणे.

"उकरू नकोस सुमिए," मालक म्हणाले. "यासुनागाला आता कोण विचारतंय? लागू दे तुझ्या नवऱ्याचं नाव."

"लाज नाही वाटत तुम्हाला?" म्हणून मी फोन आपटला. खरं तर लाज मलाच वाटत होती, कारण क्षणभर मला ते पटलं होतं.

शिगेहारु स्वतः कधीच म्हणाला नव्हता की ते गाणं माझं. मी चारचौघांत कौतुक केलं की मान खाली घालून जेवत राहायचा. मी समजायचे, काय साधा माणूस! साधा कसला, मेल्या, एकदा तरी तोंड उघडायचंस. त्या संध्याकाळी मी त्याच्या फोटोला वाट्टेल ते बोलले आणि उदबत्तीही लावली नाही.

दुसऱ्या दिवशी हिदाकाला सगळं सांगून टाकलं. त्याने यासुनागाची आई शोधून काढली. ओतारूला चढावरच्या एका खोलीत म्हातारी एकटीच राहत होती. आम्ही दोघं गेलो. मीच विषय काढला.

"मावशी, ते गाणं तुमच्या मुलाचं, मोरिहिकोचं. आता त्याचं नाव लागेल. सगळ्या जगाला कळेल."

"त्याचे कपडे टपालाने आले," ती म्हणाली. "आणि वसंतात एका मासिकात मुळ्याची मुलाखत! मी स्वतः त्याच्या अस्थी वेचल्या होत्या, तरी मला वाटलं, जिवंत आहे माझा पोरगा. धावत साप्पोरोला गेले. म्हटलं, मुळ्याला बोलवा. तर आतून दुसराच कुणी आला."

तो कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"जमिनीला डोकं टेकलं त्याने माझ्यापुढे. उठेचना. त्याचा काय दोष? पोटासाठी आलेलं पोर ते." ती माझ्याकडे बघत राहिली. "पुढे काय झालं त्याचं?"

"लग्न झालं माझ्याशी. एक मुलगी आहे. साठी गाठली त्याने."

"मग तुम्हाला आणखी काय हवंय, बाई?"

हिदाका परवानगीबद्दल काहीतरी पुटपुटला.

"नाही," म्हातारी म्हणाली. "ज्या खेळाने माझं पोर खाल्लं, त्याच्यावर पोराचं नाव नको. थडग्यावर आहे, तेवढं पुरे."

उतारावर आल्यावर हिदाकाने चाचरत विचारलं, "मग काकू, नाव... काकिझाकीसानचं घालू का?"

"नको रे, मुळाच राहू दे," मी म्हटलं, आणि तिथेच रस्त्यात बसून भोकाड पसरलं.