डबल बेल

तळ्याच्या काठाकाठाने जाणारी ती डांबरी वाट चालणाऱ्यांची होती आणि सायकलवाल्यांचीही. अण्णा मात्र ती आपल्याच मालकीची असल्याच्या थाटात, काठी टेकत, अगदी मधोमध निघाले होते. मागून त्यांची लेक चाकांची रिकामी खुर्ची ढकलत येत होती, तोंड फुगवून.

बापलेकीची पैज लागली होती. अण्णांचा खुब्याचा सांधा बदलल्यापासून लेकीने एकच धोशा लावला होता, "दुसऱ्या मजल्यावर एकट्याने राहायचं नाही. आमच्याकडे चला." शेवटी अण्णा म्हणाले, "लाकडी पुलापर्यंत जाऊन परत फाटकाशी येतो. खुर्चीत बसलो तर मुकाट्यानं तुझ्याकडे. नाही बसलो तर माझं घर मला सोड." लेक लगेच तयार झाली. तिने तर त्यांच्या खोलीला पडदेसुद्धा लावून ठेवले होते. जावयाने खुर्चीला सायकलची घंटा बसवून दिली होती, गर्दीत वाट मागायला.

झाडीतून वळण घेताना मागून टिंग वाजलं. बाजूला व्हायचं सोडून अण्णा जागच्या जागी थांबले. सायकलवाली करकचून ब्रेक दाबत कशीबशी गवतात उतरली.

"आजोबा, घंटा ऐकू नाही आली?"

"आली म्हणून तर थांबलो!"

लेकीने कपाळावर हात मारला. अण्णांनी जन्मभर बस चालवलेली. कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. डॉक्टरांनी बदललं ते हाड वेगळं होतं.

पुलाला हात लावून अण्णा मोठ्या ऐटीत परत फिरले. पण शेवटच्या चढावर, फाटक समोर दिसत असताना, त्यांचे पाय लटपटू लागले. सदरा घामाने चिंब झाला. ते थांबले आणि त्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलं.

लेकीला हवं होतं तेच घडत होतं. खुर्ची जराशी पुढे सरकवली की झालं. मग अवेळी फोन वाजला की काळजात धस्स व्हायला नको. पण एवढं होऊनही म्हातारा ताठ उभा राहायची धडपड करत होता. ते पाहून तिचा ऊर अभिमानाने भरून आला. हा माझा बाप, तिला वाटलं, याला मी हरवायला निघाले होते.

तिने खुर्चीची घंटा दाबली. टिंग टिंग.

अण्णा चमकले. "अगं, हरशील की!"

"निघा आता. गाडीला उशीर होतोय," ती डोळे पुसत म्हणाली.

अण्णांनी काठी पुढे टाकली. थांबत, धापा टाकत, पण आपल्याच पायांनी त्यांनी चढ संपवला. फाटक आलं तशी लेकीने एकच घंटा दिली.

अण्णा थांबले. फाटकावरचा रखवालदार त्यांच्याकडे पाहत होता. श्वास जेमतेम जुळला तोच ते त्याला म्हणाले, "कंडक्टर माझी लेक आहे, बरं का!"