तिसरी फुली

साडेपाच वाजून गेले तरी सावकाशराव आला नाही, तेव्हाच तिने फोन हातात घेतला.

सावकाशराव हे नाव काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सगळे त्याला तसंच म्हणत आणि तोही निवांत ओ देत असे. रात्रपाळीचा बॉयलर त्याचा, दिवसपाळीचा हिचा. दिवसपाळी संपायची साडेपाचला. पण बॉयलरच्या नोकरीत घड्याळ बघून चपला घालता येत नाहीत. जळत्या बॉयलरजवळ सर्टिफिकेटवालं माणूस हवंच. बदलीवाला समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. सुपरवायझर होता म्हणा, पण त्याच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं, नुसती शिट्टी होती.

आणि वीस मिनिटांच्या वाटेवर दुसरा नियम तिची वाट बघत बसला होता. पाळणाघर सहाला बंद. वर पाच मिनिटांची सवलत. त्यानंतर आलात की वहीत मुलाच्या नावापुढे लाल फुली. तीन फुल्या झाल्या की जागा गेली, यादीतलं पुढचं मूल आत. तिच्या भिंगरीच्या नावापुढे दोन फुल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, एक पाळणाघर गेलं तर दुसरं शोधावं. शोधून बघा एकदा! पोर सात महिन्यांची होती तेव्हापासून ती शोधत होती. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातले सहा दिवस घरी. सासूबाई थोरल्या जावेकडे, आणि गुडघे असे धरलेले की रांगत्या पोरीमागे त्या काय धावणार? एक भारी शाळा बघून झाली. भिंतीवर ढग, फरशीवर गालिचा, आणि फी ऐकून हिनेच त्या गालिच्यावर बसकण मारली. मग मिळाली टीव्हीवाली बाई. दोन खोल्यांत अठरा मुलं आणि दिवसभर चालू टीव्ही. "अगदी घरच्यासारखं आहे हो," ती बाई म्हणायची. हिला संशय आला म्हणून एका सकाळी हिने डायपरच्या कडेला पेनने बारीकसा ठिपका काढला. संध्याकाळी पोर परत आली ती तोच ठिपका घेऊन. पोरीच्या सोललेल्या मांड्यांना मलम लावताना ही ढसाढसा रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिला तिथेच ठेवून कामावर गेली. करणार काय? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

नाव नोंदवल्यावर अकरा महिन्यांनी या केंद्रात जागा निघाली. वीस मुलं, सांभाळायला तिघीजणी, आणि फी पगाराच्या चौथ्या हिश्श्यात बसणारी. टीव्हीवालीकडे मुकी झालेली पोर इथे येऊन बोलायला लागली. संध्याकाळी निघताना त्या तिघींतली, शेवटी कुलूप लावून जाणारी ताई प्रत्येक मुलापुढे तळहात धरायची आणि विचारायची, "उद्या?" मूल त्यावर टाळी देऊन ओरडायचं, "पुन्हा!" भिंगरीने जन्मात पहिल्यांदा जोडून म्हटलेले दोन शब्द तेच. झोपेतसुद्धा म्हणायची.

दुसरी फुली पडली ती मागच्या पंधरवड्यात, अर्थात सावकाशरावाच्या कृपेनेच. तेव्हा ही गेटवरच रडवेली झाली होती.

"रडू नका हो, भिंगरीची आई," ताई म्हणाली होती. "फुल्या काय फक्त तुम्हालाच? माझा मुलगा पुलापलीकडे आपल्याच दुसऱ्या केंद्रात आहे. आपलं मूल आपल्या वर्गात ठेवायचं नाही, असा आमचा नियम. ते केंद्र साडेसहाला बंद होतं. मला सहा-आठची बस चुकली की माझ्या पोराला फुली. दोन होऊन बसल्यात, दोन्ही वेळा बस बंद पडली."

"मग आज?"

"आज वाचेन. इथल्या वहीत पालक उशिरा आल्याची नोंद असली आणि त्या पानाचा फोटो दाखवला, की आम्हाला तिथली फुली माफ करतात."

हिने मान डोलावली होती. खरं सांगायचं तर तिचं लक्षच नव्हतं. आपल्या घराला आग लागलेली असताना शेजारचा धूर कोणाला दिसतो?

पावणेसहा झाले. काचनळीत पाणी अर्ध्यावर, दाबाचा काटा जागच्या जागी. बॉयलर कसा शहाण्या मुलासारखा घुमत होता. हिने चपला चढवल्या होत्या, पिशवी खांद्याला लावली होती आणि स्टुलाच्या कडेवर बसून ती दाराकडे बघत होती. सावकाशरावाचा फोन वाजून वाजून बंद होत होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

तिने ताईला फोन लावला. "ताई, अहो, माझी बदली आली नाही अजून. मी निघतेच आहे..."

ताई म्हणाली, "या. रस्ता बघून या."

पाच-पन्नास. आता निघाली आणि धावली तर सहा-पाचला गेटवर. फक्त निघायला हवं होतं. पाणी अर्ध्यावर आहे, दहा मिनिटांत काय धाड भरते? सावकाशराव येईलच. कोणाला कळणारही नाही. ती उठली, दारापर्यंत गेली, कडीला हात घातला.

वर ऑपरेशनची खोली होती, याच वाफेवर तिथली हत्यारं उकळत होती. भिंतीपलीकडे कपडे वाळवणाऱ्या सात बायका होत्या. ज्या म्हाताऱ्या उस्तादाने तिला हे काम शिकवलं, त्याच्या एका हाताला तीनच बोटं होती. तो म्हणायचा, "पोरी, काच बघायची आणि दिसलं तेच लिहायचं. मनातलं लिहायचं असेल तर घरी जाऊन लिही."

ती परत फिरली. स्वतःलाच दोन कचकचीत शिव्या दिल्या आणि स्टुलावर बसली. सहा वाजले तेव्हा नोंदवहीत दाब लिहिला, पाणी लिहिलं, सही केली. आकडे वाकडे आले, पण खरे आले.

सहा वाजून दोन मिनिटांनी सावकाशराव डोळे चोळत दारात उगवला.

"जरा डोळा लागला गं."

"डोळा लागला?"

"अर्ध्या तासाने काय आकाश कोसळतं का? तोंड बघ कसं केलंय!"

महिनाभर मनात घोकलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. बोलायला लागली असती तर रात्रपाळी संपली असती. तिने एवढंच म्हटलं, "पाणी अर्ध्यावर आहे, काच बघून घे," आणि धूम ठोकली.

फुटपाथ पाइपासाठी खणून ठेवला होता, म्हणून ती रस्त्यावरून धावली. हॉर्न वाजले, कोणीतरी ओरडलं. चप्पल एकदा निसटली, ती हातात घेतली आणि तशीच पळाली. औषधाच्या दुकानातल्या घड्याळात सहा-दहा झाले होते. संपलं. सवलतही संपली. मग धावता धावताच ती शब्द जुळवायला लागली. ताई, पाया पडते तुमच्या. ताई, वहीत सहा-चार लिहा. कोण बघतंय? केंद्राच्या मोठ्या बाई सकाळी नुसती वही वाचतात, त्यांना काय कळणार? ताई, एवढ्या एका वेळी. जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं तिने, पण आज मागणार होती, लाज गुंडाळून मागणार होती.

गेट उघडं होतं. आतल्या दाराला कुलूप लागलं होतं. पायरीवर ताई बसली होती. पायात चपला, खांद्याला पिशवी, मांडीवर भिंगरी, आणि नजर रस्त्याकडे.

तिला बघून ही जागीच थबकली. हे बसणं तिच्या ओळखीचं होतं. अर्ध्या तासापूर्वी ती स्वतः अशीच बसली होती, अशीच पायरीच्या कडेला टेकून, निघायच्या तयारीत आणि निघता न येणारी. जळता बॉयलर सोडता येत नाही, तसं दुसऱ्याचं मूलही सोडता येत नाही. आणि ही? ही या बाईची सावकाशराव होती. विचार आला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, बदली वेळेवर..." एवढंच तोंडातून निघालं.

"माहीत आहे. आधी पाणी प्या, केवढ्या धापा टाकताय." ताईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिच्या हातातला फोन थरथरत होता, तिने तो न बघताच कट केला. "वही पायरीवर आहे. सही करा, पेटीत टाका आणि गेट ओढून घ्या. मला आता पळायला हवं."

तिने भिंगरीपुढे तळहात धरला. "उद्या?"

"पुन्हा!" भिंगरीने टाळी दिली.

आणि ताई पळाली. चांगली अंगापिंडाने भरलेली बाई, पण अशी पळाली की कोपऱ्यावरून सुटलेल्या बसचा दांडा तिने धावता धावताच पकडला.

हिने वही उघडली. आजचं पान. भिंगरीच्या नावापुढे वेळ आधीच लिहिलेली होती, ताईच्या गोल गोल अक्षरात. सहा वाजून चार मिनिटं. फुली नव्हती. फक्त सहीची जागा रिकामी होती.

ती चक्क हसली. मोठ्याने हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरीचा मुका घेतला. जे मागायला ती धावत आली होती ते न मागता मिळालं होतं. दोरीला बांधलेलं पेन तिने उचललं, कागदाला टेकवलंसुद्धा.

मग तिला फोटो आठवला.

पालक उशिरा आल्याची नोंद असली तर फुली माफ. या पानावर कोणी उशिरा आलंच नव्हतं. सहा-चारला शेवटचं मूल गेलं आणि ताई आरामात सहा-आठची बस पकडायला मोकळी होती, असं हे पान सांगत होतं. ताई पुलापलीकडे पोचेल तेव्हा पावणेसात होतील. दाखवायला तिच्याकडे काय असेल? काही नाही. तिची तिसरी फुली. हे सगळं तिला पायरीवर बसल्या बसल्या कळत होतं, आणि कळून तिने हा आकडा लिहिला होता.

घे की, मन म्हणालं. तिने आपल्या हाताने दिलंय. देणारी शहाणी बाई आहे. तू थोडंच मागितलंस? पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका पसरत गेला.

ठिपका. ताईचं पोर तिने कधी पाहिलं नव्हतं. केवढं आहे, काय म्हणतात त्याला, काही ठाऊक नव्हतं. पण अठरा मुलांमध्ये टीव्हीसमोर बसवलेलं ते तिला आता स्पष्ट दिसलं. दिवसभर इतरांची पोरं पुसून-धुऊन घरी गेलेली त्याची आई रात्री त्याला मलम लावतानाही दिसली. दिसायलाच नको होती. पण दिसली ती दिसलीच.

"आई, घरी," भिंगरी पदर ओढत म्हणाली.

"थांब गं राणी. एक मिनिट."

तिने सहा-चारवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, सहा वाजून एकोणीस. खाली सही केली. मग वहीत अडकवलेलं लाल पेन घेतलं आणि आपल्या मुलीच्या नावापुढे, रकान्याच्या मधोमध, आपल्या हाताने फुली काढली. पानाचा फोटो घेतला, ताईला पाठवला. आणखी एकदा बघितलं की मन फिरेल हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून वही मिटून लगेच पेटीत टाकली. पेटीची किल्ली मोठ्या बाईंकडे. वही आत धप्पकन पडली.

फोन वाजायला लागला. ताई. तिने उचलला नाही. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. तिने गेट ओढून घेतलं आणि कडी सरकवली. उद्या सकाळी पाळी होती आणि पोरीला कुठे ठेवायचं ते तिला माहीत नव्हतं. टीव्हीवालीचा नंबर तिने कधीच पुसून टाकला होता, पण घर पुसता येत नाही, ते चौथ्या गल्लीत होतंच. तिथेच फतकल मारून रडावं असं तिला वाटलं. पोर बघत होती म्हणून रडली नाही.

भिंगरीने बंद गेटकडे बघितलं, मग आईकडे. ताई धरायची तसा आपला चिमुकला तळहात तिने आईपुढे धरला.

"उद्या?"

वहीत पंधरा मिनिटं खोटी लिहायला जिचा हात धजला नाही, तिने पोरीच्या हातावर टाळी दिली.

"पुन्हा," ती म्हणाली.