बाईंचं पान सांभाळताना

मित्रांनो, कपाटावर घरघरत बसलेला हा जुना लॅपटॉप म्हणजे मी. माझी बिजागरी तुटली आहे, पडद्याला तडा गेला आहे आणि बॅटरीने केव्हाच मान टाकली आहे. तरी मला रजा नाही.

एके काळी माझा थाट होता. शाळेतल्या एका बाईंनी मला हौसेने घेतलं. त्या माझ्यावर प्रश्नपत्रिका तयार करत, मुलांना चित्रं दाखवत. मग घरात नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

पुढे बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. त्या पाटीवर लिहून बोलू लागल्या. पण मनात साठलेलं पाटीवर मावेना. तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने मला खाली काढलं. तो वायरमन होता.

"ताई, तुला हवं ते लिही. याच्यावरून इंटरनेटवर कुणालाही वाचता येईल."

पाटीवर उमटलं, 'या म्हाताऱ्याला झेपेल?'

"झेपेल गं! डेटाबेसचं, म्हणजे माहितीच्या भल्यामोठ्या कोठाराचं लोढणं याच्या गळ्यात बांधतच नाही. तुझा एक लेख म्हणजे एक साधी फाईल. कुणी मागितली की याने उचलून द्यायची, बस्स!"

बाई लिहू लागल्या. पुन्हा घास गिळायला कशा शिकल्या, आरशात बघायची भीती कशी गेली, सगळं. लांबलांबची माणसं वाचू लागली आणि माझा डोळ्याला डोळा लागेना.

एका उन्हाळ्यात माझा पंखा धुळीने गच्च झाला. मी तापलो आणि बंद पडलो. कुणाला पत्ताच नाही. मग फोन वाजला. भावाने उचलला.

"उद्या माझ्या आईचं घशाचं ऑपरेशन आहे," पलीकडून एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. "ती रोज तुमचं पान वाचते, हा नंबरही तिने तिथूनच टिपून ठेवलाय. आज ते उघडत नाही. त्या बाई गेल्या असतील, असं तिने मनात घेतलंय. ऑपरेशनला नाहीच म्हणतेय."

"अहो, ताई समोर बसलीय माझ्या!"

"मी सांगून ती ऐकणार नाही."

भावाने घाईघाईने मला उघडलं, ब्रशने धुळीचे बोळे काढले. मी कसाबसा सुरू झालो. बाईंनी नवी फाईल लिहिली : 'मी आहे. मलाही फार भीती वाटली होती. तरी तुम्ही जा.'

लगेच कुणीतरी ते पान मागितलं. पुन्हा मागितलं. संध्याकाळपर्यंत मागतच राहिलं. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आई ऑपरेशनला गेली होती आणि सुखरूप बाहेर आली होती. बाई पदराने डोळे टिपत राहिल्या.

त्यानंतर भावाने सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मला मात्र पुन्हा कपाटावर कामाला ठेवलं.

मित्रांनो, यंत्रं बोलत नाहीत म्हणून ती थकत नाहीत, असं समजू नका. अधूनमधून आमची धूळ झटका. आम्ही जे सांभाळतो, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. मी आता फार दमलो आहे, एक दिवस बंद पडणारच. त्या दिवशी फक्त एक लॅपटॉप जावा. कुणाचा धीर जाऊ नये.