वैदिणीच्या गालावरचा तीळ

पहिल्या व्हिडिओ गेममध्ये सगळं सपाट होतं आणि आमचं बरं चाललं होतं. राक्षस, किल्ले, गावातली वैदीण, सगळं मी ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं. वैदीण म्हणजे माझी ताई. ती गेली त्याच वर्षी मी तिचा चेहरा वैदिणीला दिला, गालावरच्या तिळासकट. फोटो म्हटलं की ताई तोंडावर हात धरायची, त्यामुळे घरात तिचा धड एकही फोटो नाही.

आता दुसरा भाग थ्रीडीत काढायचं खूळ साहेबांच्या डोक्यात शिरलं. पात्रं सगळ्या बाजूंनी घडवायला एक मुलगी आली. आम्ही तिला मूर्तिकार म्हणतो.

"दादा, वैदिणीचा तीळ कुठल्या गालावर?" तिने विचारलं.

"उजव्या."

"पण ती डावीकडे चालायला लागली की डाव्या गालावर दिसतो."

दिसणारच. तेव्हा मेमरी वाचवायला आम्ही एकच बाजू काढायचो आणि पात्र वळलं की तेच चित्र आरशासारखं उलटवायचो. मला त्या युक्तीचा केवढा तोरा होता!

मी डोळे मिटले. माझ्या शर्टाचं बटण लावून झालं की ताई दाताने दोरा तोडायची. तेव्हा तिचा गाल अगदी माझ्या नाकाशी असायचा. तो गाल आठवला, पण ठिपक्यांचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

भावोजींना फोन लावला.

"तीळ ना? उजवीकडे," ते म्हणाले. "थांब, डावीकडे." मग हळूच म्हणाले, "अरे, तुझ्या गेममध्ये बघ ना. मीसुद्धा तिथेच बघतो तिला."

मला रडू आलं नाही. स्वतःच्या हुशारीचा संताप आला.

मूर्तिकार अजून उभीच होती. "कुठलाही एक सांगा, दादा. कोण येणारे पडताळायला?"

खरंच, कोणीच उरलं नव्हतं. आणि खोटा तीळ सांगायला माझी जीभ रेटेना.

"तीळ काढून टाक," मी म्हणालो.

तिने काढला आणि चेहरा सावकाश फिरवून दाखवला. कान, मान, अंबाडा, पुन्हा कान. कुठूनही बघा, नीटनेटकी बाई.

"कशी वाटते?"

"छान आहे," मी म्हणालो. ओळख नसलेल्या बाईबद्दल माणूस आणखी काय बोलणार?