गिटार पास

धाकट्या बहिणीचं पत्र आलं आणि त्याला मी उत्तर दिलं नाही. रोज टेबलाशी बसायचो, पेनाचं टोपण काढायचो आणि पुन्हा लावायचो. तिने लिहिलं होतं, 'दादा, ह्यांनी इलेक्ट्रिक गिटार आणली आहे, स्वस्तातली. पारखायला तुला रविवारी बोलावणार आहेत. तू ती वाईट आहे म्हणून सांग, एवढंच. फोनवर बोलले असते, पण आमच्या दोन खोल्यांत माझा श्वाससुद्धा ह्यांना ऐकू जातो. सांगशील ना? मला आधी कळव.'

मला राग आला. नवऱ्याची म्हातारपणची हौस हिच्या डोळ्यांत खुपते आहे, असं वाटलं. शिवाय खोटं बोलायचं तर तोंडावर तेवढा ताबा हवा, तो माझ्याकडे कधीच नव्हता. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात माझी नोकरी सरली. वाद्यं कशी पारखावीत यावर एक पातळसं पुस्तक मात्र मी लिहिलं. ते घरात कुणी वाचलेलं नाही, पण 'दादांना त्यातलं कळतं' हे सगळ्यांना पाठ आहे. अधूनमधून मलाही तसं वाटतं.

भावोजी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. केसाच्या जाडीइतका फरक दिसला की त्या भागावर लाल ठिपका द्यायचा आणि तो परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ठिपका द्यायला काही उरलं नाही, म्हणून ते गिटार शिकायला लागले. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचा एक बँड होता. कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या मेळाव्याच्या तोंडावर त्यांचा गिटारवाला मुलीकडे राहायला निघून गेला, आणि भावोजींनी हात वर केला.

रविवारी गेलो तेव्हा गिटार पलंगावर चादरीवर आडवी ठेवली होती. शेजारी स्टीलची पट्टी, भिंग आणि फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा. डॉक्टरची वाट बघत असलेल्या घरात आल्यासारखं वाटलं. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

गिटारीची मान डोळ्यांसमोर धरून पाहिली. पीळ नव्हता. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, एकही टोक बोचलं नाही. प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून छेडली, कुठे खरखर नाही. तारा ताणून, सैल करून पुन्हा सुरात लावल्या, खुंट्या घसरल्या नाहीत. स्पीकरला जोडून आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं तेव्हा थोडी घरघर आली, तेवढी महागड्या गिटारीतही येते. रंग एका कडेला जाड बसला होता. पण रंग काही वाजत नाही. माझ्या मागोमाग भावोजी पत्रे सरकवून स्वतः मोजत होते आणि दर वेळी मान डोलवत होते.

मग त्यांनी वाजवून दाखवलं. बोटं बरोबर जागी पडत होती, पण उशिरा. प्रत्येक सूर दाबण्याआधी ते त्याची जागा तपासत होते आणि तोवर गाणं पुढे निघून जात होतं. हे मला कळलं, हे इथे लिहिलंच पाहिजे. पण मला विचारलं होतं ते गिटारीबद्दल.

"या किमतीत याहून चांगली मिळणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे पास?"

"पास."

भावोजींनी गिटार मांडीवरून उचलून पुन्हा चादरीवर ठेवली, फार हळू. "ऐकलंस का गं," ते स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "दादा पास म्हणतात. आता माघार घ्यायला तोंड नाही." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता असं मला तेव्हा वाटलं.

बहीण जिन्यापर्यंत सोडायला आली. तालमीत सगळे ह्यांना हसतात, ती सांगू लागली. वाजवायचं नाही असं ह्यांचं मनातून ठरलं आहे, फक्त गिटारीत खोट निघाली असती तर मान खाली न घालता सुटले असते. "मी तुझ्याकडे दुसरं काय मागितलं होतं रे?" असं म्हणून ती वर गेली. मी खालच्या पायरीवर बराच वेळ उभा राहिलो. वर जाऊन 'एक गोष्ट बघायची राहिली' म्हणता आलं असतं. वर गेल्यावर ती गोष्ट कोणती म्हणून विचारतील, याचा विचार करत करत मी घरी आलो.

मेळाव्याच्या हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसलो. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुसरं गाणं सुरू झालं आणि कीबोर्डवाल्याने, जो पूर्वी कारखान्यात लेथवर सुटे भाग कातायचा, एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने गिटारीची वायर स्पीकरमधून काढून घेतली. पुढच्या रांगेकडे बघून डोळा मारला. ड्रमच्या आवाजात भावोजींना काही कळलं नाही. ते डोळे मिटून, ओठ दाबून, मुकी गिटार वाजवत राहिले. पुढची रांग हसली, मग तिच्या मागची. भावोजींनी डोळे उघडले. लोक खुशीत आहेत असं बघून तेही हसले आणि आणखी जोरात हात मारू लागले. माझ्या शेजारचा पोट धरून हसत होता. माझंही तोंड हसलं. ते मी लगेच मिटलं, पण हसलं.

गाणं संपल्यावर कीबोर्डवाल्याने वायरीचं टोक त्यांच्या नाकासमोर धरलं. "साहेब, जन्मभर माझा माल परत पाठवलात. आज तुमचा मी परत पाठवला."

टाळ्या पडल्या. भावोजींनी ते टोक हातात घेऊन नीट बघितलं, वायर गुंडाळली आणि गिटार पिशवीत घातली. पुढचं गाणं त्यांच्याशिवाय झालं. कुणाला उणीव जाणवली नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे एकदाच गेलो. गिटार पलंगाखाली होती. माझं येणं त्यांना नको होतं असं नाही, पण हवंही नव्हतं. बहिणीने पाणी दिलं आणि आत गेली. मी पलंगाखाली बघत विचारलं, काढू का बाहेर?

"कशाला? तुम्ही तपासलीत, मी मोजली. गिटार पास आहे दादा. रिजेक्ट मी आहे."

घरी येऊन मी टेबलाशी बसलो. मानेत पीळ आहे असं लिहिलं तर ते पट्टी लावून बघतील. मानेवरच्या पट्ट्या खालीवर आहेत म्हटलं तर फट मोजायचे पत्रे काढतील. त्यांना मोजता येणार नाही अशी खोट हवी होती, आणि माझ्या पुस्तकात तशी एकही नाही. शेवटी मीच एक बनवली. पोस्टकार्डावरच लिहिलं, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याही हाती पडलं तरी वाचलं जाईल. नाव बहिणीचं घातलं.

'चि. धाकटीस आशीर्वाद. भावोजींना सांग, गिटार वाईट आहे. आतलं लाकूड कच्चं आहे, त्यामुळे सूर हाताखाली उशिरा उठतो. हे मोजून कळत नाही, कानाला कळतं, आणि मला त्या दिवशी कळलं नाही. माझा कान कधीच धड नव्हता. अशा वाद्यावर कुणीही मागे पडला असता.'

दोनदा वाचलं. 'कुणीही' खाली रेघ ओढावीशी वाटली, पण त्यांना संशय येईल म्हणून ओढली नाही. मग चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेलो आणि कार्ड आत टाकलं.